टीम हाच उपचार
प्रस्तावना

पक्षाघाताच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला लागू पडणारा एक उपचार गेली तीसहून अधिक वर्षे सिद्ध झालेला आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय मोठी रक्तवाहिनी तुंबलेल्या निवडक रुग्णांच्याच उपयोगी पडतो. मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर हे दोन्ही मार्ग बंद असतात. मी म्हणतो तो उपचार मात्र गुठळीच्या आणि रक्तस्रावाच्या, तरुण आणि वृद्ध, सौम्य आणि तीव्र अशा सगळ्या रुग्णांना फायद्याचा ठरला आहे. त्याने मृत्यू कमी होतात, परावलंबन कमी होते आणि आपल्या पायांनी घरी परतणाऱ्यांची संख्या वाढते. त्यासाठी नवे औषध लागत नाही की महागडे यंत्र लागत नाही. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि वैद्यकीय समाजसेवक यांनी एका रुग्णाबद्दल नियमाने एकत्र बसायचे, ठरवायचे आणि ठरल्याप्रमाणे वागायचे, हाच तो उपचार. हे पुस्तक त्याविषयी आहे.

या उपचाराचा सर्वांत ठळक पुरावा नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरातून आला. तिथे बेंट इंड्रेडाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या 220 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट नेहमीच्या मेडिसिन वॉर्डात राहिला, दुसरा खास पक्षाघातासाठी उभारलेल्या कक्षात. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवड्यांनी कक्षातले 56 टक्के रुग्ण घरी पोचले होते. मेडिसिन वॉर्डातले फक्त 33 टक्के. पहिल्या सहा आठवड्यांतले मृत्यू कक्षात 7 टक्के होते, तर वॉर्डात 17 टक्के. दहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली तेव्हाही कक्षातल्या रुग्णांची बाजू सरसच होती. पुढे ब्रिटनमधल्या पीटर लँगहॉर्न यांच्यासारख्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतल्या अशा चाचण्या एकत्र करून तपासल्या आणि तेच चित्र पुन्हा दिसले. या कक्षांमध्ये समान काय होते, याचाही त्यांनी शोध घेतला. पक्षाघातात रस असलेली आणि त्याचे सतत प्रशिक्षण घेणारी माणसे, आठवड्यातून किमान एकदा सगळ्यांची बैठक, परिचर्या आणि थेरपी यांची एकमेकींशी घातलेली सांगड, आणि पहिल्या दिवसापासून नातेवाइकांचा सहभाग, या चार गोष्टी त्यांना पुन्हा पुन्हा आढळल्या.

आपल्याकडे हा विषय किती जवळचा आहे, हे सांगायला दोन नोंदी पुरेशा आहेत. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या पाहणीत वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे सुमारे 145 जणांना पहिला झटका आल्याचे आढळले. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंचा पाठपुरावा केला, तेव्हा मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात हेच निघाले. सातातला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला होता, आणि त्यांतले बहुतेक लोक घरीच वारले. म्हणजे हा आजार महानगरातल्या उंच इमारतीत आहे तसाच जंगलाच्या कडेच्या पाड्यावरही आहे. झटक्यातून वाचलेल्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे मागे पडतो.

एकत्र काम करण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. अमेरिकेत एलिझाबेथ लुंडी म्हणून जन्मलेल्या आणि लग्नानंतर निंबकर घराण्यात आलेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. भारतातले ते या विषयाचे पहिले विद्यालय. 1952 साली ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा भारत तिच्या संस्थापक देशांत होता, आणि त्यामागेही कमलाबाईंचे काम होते. 1955 साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. म्हैसूरची वाचा व श्रवण संस्था 1965 मध्ये आली आणि त्याच विषयाची वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 मध्ये. एकेक विद्याशाखा अशी रुजत गेली, तिची पदवी आली, परिषदा आल्या, कायदे आले. स्पीच थेरपिस्टांची नोंदणी 1992 च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली होऊ लागली. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांना 2021 च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाची चौकट मिळाली. प्रत्येक शाखेला आपली ओळख मिळाली, हे चांगलेच झाले. पण या साऱ्या शाखा रुग्णाच्या खाटेपाशी भेटतात त्या वेळी एकमेकींशी काय बोलतात, हे कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसे शिकवले जात नाही. आपल्या बहुतेक रुग्णालयांत हे विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर असतात आणि त्यांच्यातला संवाद केसपेपरवरच्या एका ओळीपुरता उरतो: ‘फिजिओ मत घ्यावे.’

ही ओळ का पुरत नाही, ते एका कल्पित रुग्णाच्या आधाराने पाहू. तालुक्याच्या गावातले एक शिंपीकाका, वय अठ्ठावन्न, उजवी बाजू गेलेली, बोलणे जवळजवळ बंद. तिसऱ्या दिवशी त्यांची प्रकृती स्थिरावली आहे.

पहिला प्रश्न गिळण्याचा. पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळताना अडचण येते. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो, आणि पक्षाघाताचे अनेक रुग्ण मेंदूच्या इजेतून वाचून या न्यूमोनियाने दगावतात. स्पीच थेरपिस्ट तपासून सांगते की काकांना पातळ पदार्थ द्यायचे नाहीत, घट्ट आणि एकजीव असेल तेच द्यायचे. पण गिळायला काकांना ताठ बसता यायला हवे, आणि त्यांचे धड अजून एका बाजूला कलते. ते सावरायचे काम फिजिओथेरपिस्टचे. मधुमेह आहे, म्हणून घट्ट पदार्थ कोणता आणि किती, हे आहारतज्ज्ञाने ठरवायचे. गोळ्या कुटून द्यायच्या तर काही गोळ्या कुटायच्या नसतात, म्हणून डॉक्टरने औषधे बदलायला हवीत. हे सगळे जमले तरी रात्री दोन वाजता काकांना तहान लागते, आणि उशाशी बसलेला मुलगा मायेने पेलाभर पाणी तोंडाला लावतो. दिवसा चौघांनी केलेले काम एका घोटात वाया जाऊ शकते. म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरला आणि त्या मुलाला ही गोष्ट कळणे हा उपचाराचाच भाग आहे.

दुसरा प्रश्न खांद्याचा. लुळ्या पडलेल्या हाताचा खांदा त्याच्या खोबणीत सैल झालेला असतो. सकाळी अंघोळ घालताना, चादर बदलताना, खुर्चीत बसवताना कोणीतरी त्याच हाताला धरून रुग्णाला ओढते. त्यामागे हेतू मदतीचाच असतो. दुपारी फिजिओथेरपिस्ट तो खांदा जपून हलवतो, संध्याकाळी ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या हाताला काम शिकवू पाहते, आणि काका वेदनेने हात आखडून घेतात. दिवसातल्या चोवीस तासांपैकी थेरपीचा वेळ फार तर दोन तास. उरलेले बावीस तास तो हात इतरांच्या हाती असतो. काकांना कसे उठवायचे, कोणत्या कुशीवर वळवायचे, हाताखाली उशी कुठे द्यायची याची एकच पद्धत वॉर्डबॉय, मावशी, सिस्टर, घरची माणसे आणि तज्ज्ञ या सगळ्यांना माहीत असली, तर हा खांदा वाचतो. इथे सर्वांत मोठे प्रावीण्य हाताला धरून न ओढण्याचे आहे, आणि ते प्रत्येकाच्या अंगी बाणावे लागते.

तिसरा प्रश्न समजण्याचा. पक्षाघाताच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांची भाषा बाधित होते. काकांची वाचा गेली आहे हे सर्वांना दिसते. त्यांना ऐकलेलेही नीट उमगत नाही, हे लगेच दिसत नाही. ‘पाय वर घ्या, गुडघा वाकवा, आता हळूच खाली ठेवा’ अशा सलग सूचना आल्या की ते गोंधळून बघत राहतात, आणि कागदावर नोंद होते की रुग्ण सहकार्य करत नाही. स्पीच थेरपिस्टने आपले निदान फाइलमध्ये ठेवून न देता फिजिओथेरपिस्टला सांगितले, की एका वेळी एकच छोटे वाक्य बोला, हाताने करून दाखवा आणि उत्तरासाठी थांबा, तर तोच रुग्ण दुसऱ्या दिवशी व्यायाम करू लागतो. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांच्या बाबतीत याचाच दुसरा प्रकार दिसतो. त्यांची डावी बाजू त्यांच्या लक्षातूनच निसटते. ताटाच्या डाव्या अर्ध्या भागातले अन्न तसेच राहते. घरच्यांना वाटते, हट्टीपणा करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टने हे ओळखून सर्वांना समजावले, तर हट्टीपणाचा शिक्का तरी पुसला जातो.

चौथा प्रश्न मनाचा आणि औषधांच्या वेळेचा. झटक्यानंतर सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य येते. ‘आज नको’ असे काका रोज म्हणू लागले, तर ते आळसाने म्हणतात की थकव्याने, दुःखाने की गुंगीने, हे एकट्या थेरपिस्टला कळत नाही. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे औषध नेमके थेरपीच्या आधी दिले जात असेल, तर त्या औषधाच्या गुंगीत व्यायाम होत नाही. डॉक्टरने वेळ बदलली की प्रश्न सुटतो. पण ही गोष्ट डॉक्टरपर्यंत पोचायला कोणीतरी ती सांगावी लागते, आणि सांगणाऱ्याला आपले म्हणणे ऐकले जाईल असा भरवसा वाटावा लागतो.

या चारही प्रश्नांत तज्ज्ञांच्या ज्ञानात काही कमी नव्हते. नुकसान झाले असते ते एका तज्ज्ञाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते तिथल्या मोकळ्या जागेत. या पुस्तकाचे सारे म्हणणे त्या जागेविषयी आहे: पक्षाघाताच्या पुनर्वसनाचे यश प्रत्येक शाखेच्या कौशल्यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते शाखांच्या मधल्या जागांवर कोण लक्ष ठेवते यावरही अवलंबून असते.

त्यासाठी पहिली गरज असते एका सामायिक उद्दिष्टाची. प्रत्येक शाखेची स्वतःची मोजमापे आहेत. रँकिन यांनी 1957 साली ग्लासगोत मांडलेली आणि पुढे सुधारलेली श्रेणी परावलंबन मोजते. 1965 सालचा बार्थेल निर्देशांक जेवण, अंघोळ, कपडे, शौच, चालणे अशा रोजच्या क्रियांना गुण देतो. ही मोजमापे लागतातच. पण शिंपीकाकांना विचारले, आणि त्यांनी बोटाने, चित्रांच्या तक्त्यावर किंवा तुटक शब्दांत सांगितले, की त्यांना पुन्हा मशीनवर बसायचे आहे, तर टीमचे काम एकदम स्पष्ट होते. बसण्याचा तोल फिजिओथेरपिस्टकडे. कापड धरणारा डावा हात आणि आधार देणारा उजवा हात ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. गिऱ्हाइकाचे माप समजून घेण्यापुरती भाषा स्पीच थेरपिस्टकडे. पायडल मारणे धोक्याचे असेल, तर मोटर बसवायची सोय आणि तिचा खर्च समाजसेवकाकडे. दुसरा झटका टाळण्यासाठी रक्तदाब आणि साखर डॉक्टरकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली मांडलेल्या वर्गीकरणाने अपंगत्वाकडे पाहण्याची हीच दिशा दिली: शरीराचे कार्य, माणसाची कृती, समाजातला त्याचा सहभाग आणि भोवतालची परिस्थिती ही सगळी मिळून एकत्र पाहायची.

एकत्र काम करणे म्हणजे सर्वांचे एकमत असणे, असे मात्र नाही. आमच्या क्षेत्रात दीर्घकाळ एक समज होता, की रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवावे तितके चांगले. मेलबर्नच्या ज्युली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखाली पाच देशांतल्या 56 रुग्णालयांत 2104 रुग्णांवर हा समज तपासला गेला. 2015 साली निष्कर्ष आले: पहिल्या चोवीस तासांत सुरू केलेल्या, वारंवार आणि अधिक तीव्र हालचालीने तीन महिन्यांनंतर चांगली स्थिती गाठणाऱ्यांचे प्रमाण उलट कमी झाले. म्हणजे उत्साहालाही मात्रा लागते, आणि ती कोणत्याही एका शाखेने एकटीने ठरवू नये. आज उठवायचे की उद्या, चुकीच्या ढबीत का होईना चालू द्यायचे की थांबवायचे, यावर फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर आणि सिस्टर यांचे मतभेद होतील, व्हायलाच हवेत. ते बैठकीत मोकळेपणाने मांडले जावेत आणि तिथेच मिटावेत. रुग्णाच्या कानावर दोन तज्ज्ञांकडून दोन उलट सल्ले पडले की त्याचा दोघांवरचाही विश्वास उडतो.

आपल्या देशापुरता एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, तो कुटुंबाचा. आपल्याकडे रुग्णाजवळ बहुधा कोणीतरी असतेच, आणि तज्ज्ञ मात्र थोडे. मग घरच्यांनाच थेरपी शिकवली तर? हा विचार घेऊन भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड लिंडली यांच्या नेतृत्वाखालच्या या चाचणीचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबनाचे प्रमाण घरच्यांना थेरपी शिकवलेल्या आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्या अशा दोन्ही गटांत सारखेच, 47 टक्के होते. काही जणांनी यातून घरच्यांच्या सहभागाचा उपयोग नाही असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. मला त्यातून दिसते ते एवढेच, की टीमची जागा कुटुंब घेऊ शकत नाही. सून, मुलगा, पत्नी यांना थोडे शिकवून घरी पाठवायचे आणि पुढची सारी जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकायची, हा आपल्या व्यवस्थेला सोयीचा मार्ग आहे. रुग्णाला तो पुरत नाही. कुटुंबाचे स्थान टीमच्या आत आहे. त्यांना बैठकीत बसवावे, त्यांचे ऐकावे, आणि घरी गेल्यावर कोणाला फोन करायचा ते नाव त्यांच्या हाती असावे. सेवा करणाऱ्या बाईची स्वतःची पाठ, झोप आणि रोजगार यांचीही चौकशी टीमने करावी, कारण ती मोडली तर रुग्णाचे पुनर्वसनही तिथेच थांबते.

गडचिरोलीसारख्या ठिकाणी, जिथे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आशाताई हीच हाताशी असलेली माणसे, तिथे आठ तज्ज्ञांची टीम कुठून आणायची, असा प्रश्न कोणीही विचारील. तो रास्त आहे. पण टीम हे माणसांच्या संख्येपेक्षा कामाच्या रीतीचे नाव आहे, हे लक्षात घेतले तर तिथेही सुरुवात करता येते. आशाताईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत की नाही हे पाहता येते, खांदा कसा जपायचा हे दाखवता येते, ठसका लागतो का हे विचारता येते. जिल्हा रुग्णालयातल्या थेरपिस्टने रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर साध्या मराठीत पाच ओळी लिहिल्या आणि महिन्यातून एकदा व्हिडिओवर बोलणे ठेवले, तर गावात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली दोन माणसेसुद्धा टीम होतात. त्याचबरोबर जिल्हा रुग्णालयांत ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपिस्टांची पदे निर्माण करून भरली जावीत, ही मागणी आपण सोडता कामा नये. कामाची चांगली रीत ही रिकाम्या पदांचे समर्थन होऊ शकत नाही.

या पुस्तकाची रचना याच विचाराने झाली आहे. पहिल्या भागात प्रत्येक शाखेचे लेखक आपले काम सांगतात, पण स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे. शेजारच्या शाखेच्या सहकाऱ्याला ते कळावे अशा भाषेत. दुसरा भाग गिळणे, खांदा, संवाद, मूत्रनियंत्रण, मन, घरातले बदल अशा प्रश्नांप्रमाणे लावलेला आहे, आणि प्रत्येक प्रकरण किमान दोन शाखांच्या लेखकांनी मिळून लिहिले आहे. तिसऱ्या भागात बैठक कशी घ्यावी, उद्दिष्ट कसे लिहावे, मतभेद कसे मिटवावेत आणि घरी पाठवताना काय काय सोपवावे, हे नमुन्यांसह दिले आहे. शेवटचा भाग घरच्यांसाठी आहे. तज्ज्ञ वाचकांनीही तो वगळू नये. खाली बसून जेवणाऱ्या, भारतीय पद्धतीच्या संडासात जाणाऱ्या आणि ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या माणसाला रुग्णालयातल्या व्यायामाचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, ते या भागात सर्वांत स्पष्ट दिसते.

विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शाखेचे प्रकरण तुम्ही वाचालच. आधी शेजारच्या शाखेचे वाचा. विभागप्रमुखांना विनंती अशी, की नव्या इमारतीची किंवा नव्या यंत्राची वाट न पाहता आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास मोकळा करा. त्या अर्ध्या तासात सर्वांत वरिष्ठ डॉक्टरने शेवटी बोलावे आणि रात्रपाळीच्या सिस्टरने आधी. प्रत्येक रुग्णामागे तीन गोष्टी लिहाव्यात: त्याला काय हवे आहे, पुढच्या आठवड्यात कोण काय करणार आहे, आणि घरच्यांना हे कोण सांगणार आहे. एवढे नियमाने होऊ लागले, तर ट्रॉन्डहाइमच्या कक्षात जे घडले त्याचा बराचसा भाग आपल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात घडू शकतो. त्या कामाला लागणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हे पुस्तक असावे, या इच्छेने मी ते वाचकांच्या स्वाधीन करतो.